शनिवारचा सिनेमा आणि सी-१०४

ए-२०१ वहिनी: गणेश चवथ झाली की येणाऱ्या शनिवारी गच्चीवर सिनेमा ना? माझं मत 'अशी ही बनवाबनवी'ला. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र बसतील.

बी-१०२: परत तोच? पाठ झालाय सगळ्यांना.

बी-३०४ भाई: पाठ झालाय म्हणूनच लावा. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शन सचिनचं, लेखणी वसंत सबनीसांची. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, पण बोलणं-चालणं इतकं आपलं की मूळ आठवतही नाही. लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून परशुराम धनंजय मानेची बायको होतो आणि सुधीर शंतनूची. सगळी धमाल त्या एका अटीपायी.

आमच्या गावच्या उत्सवात मी पाच वर्षं स्त्रीपार्ट केलाय. लुगडं नेसल्यावर पाऊल आखूड पडायला लागतं आणि हात आपसूक पदराकडे जातो. ते जमलं नाही तर प्रेक्षक लगेच ओळखतात. परशुराम झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेनं ते जमवलंय. डोहाळजेवणात त्याची पार्वती खरोखरची लाजते बघा. बाईची टिंगल नाही त्यात, म्हणून तर घरातल्या बायकाच जास्त हसतात.

ए-२०१ वहिनी: अगदी बरोबर भाई!

सेक्रेटरी: सिनेमा ठरला. पण रविवारच्या मीटिंगचा विषय लक्षात ठेवा: सी-१०४ फ्लॅट बॅचलरना भाड्यानं द्यायचा नाही, असा ठराव येतोय.

बी-३०४ भाई: सेक्रेटरीसाहेब, मला त्याच अटीवर बोलायचंय. १९९१ला वास्कोत नोकरी लागली तेव्हा एका घरमालकिणीनं दारातूनच विचारलं, "बायको कुठाय?" ऐन पावसाळा. दोन महिने मावसभावाच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर झोपलो, झड आली की चटई भिंतीकडे ओढायची. सी-१०४ बघून गेलेली दोन्ही पोरं वेर्ण्याला शिफ्टमध्ये कामाला आहेत. त्यांची कागदपत्रं बघा, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करा, मागच्या मालकाला फोन लावा. पण लग्न झालं नाही म्हणून दार लावू नका.

बी-१०२: रात्री गोंगाट झाला तर?

बी-३०४ भाई: तर मी स्वतः खाली जाऊन सांगेन.

ए-२०१ वहिनी: शनिवारी बोलवा ना त्यांना सिनेमाला. समोरासमोर बोलणं होईल.

सेक्रेटरी: चालेल. मालकांना आजच फोन करतो. ठराव पुढच्या मीटिंगला घेऊ.

बी-३०४ भाई: देव बरें करूं. पडद्यासाठी पांढरी चादर माझ्याकडे आहे. पाऊस आलाच तर खाली पार्किंगमध्ये लावू, गाड्या सातच्या आत काढा.