गुलमर्गचा बर्फ: अंदाज काय होता आणि हाती काय आले?

गुलमर्गला स्कीइंगसाठी जाऊ इच्छिणारे आपल्याकडचे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. विमानाचे तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे लागते, पण बर्फाचा भरवशाचा अंदाज जेमतेम चार-पाच दिवस आधी मिळतो. म्हणून जे तेथे स्कीइंग शिकले आहेत, नियमित जातात किंवा नुसतीच बर्फाची वाट पाहून परतले आहेत, त्यांनी अंदाजात काय वाचले होते, उतारावर प्रत्यक्षात काय होते आणि त्यानंतर आपल्या बेतात काय बदल केला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करते.

जानेवारी २०२४ मध्ये मी पुण्याहून प्राथमिक शिक्षणवर्गासाठी गेले होते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा काश्मीरमधला सर्वांत कडाक्याच्या थंडीचा काळ असतो, तेव्हा त्या दिवसांत बर्फ असणारच असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात २,६५० मीटर उंचीवरच्या त्या प्रसिद्ध मैदानावर तपकिरी गवत होते, भाड्याच्या स्की दुकानांच्या भिंतींना टेकून उभ्या होत्या आणि आमचा वर्ग पुढे ढकलला गेला. रोजच्या अंदाजात ‘हवामान कोरडे राहील’ एवढेच वाक्य असे. बर्फ पडला तो महिनाअखेरीस, आणि तोवर मी घरी परतले होते. आमच्या खोल्यांची देखभाल करणारे चाचा फेरनच्या म्हणजे लांब सैल झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून दारात बसत. माझी निराशा पाहून ते म्हणाले, “बेटी, तुम्ही पुढच्या वर्षी याल, पण आत्ता शीन पडला नाही तर उन्हाळ्यात भाताला पाणी कुठून येणार?” शीन म्हणजे बर्फ. तोपर्यंत मी बर्फाकडे केवळ माझ्या सुट्टीच्या हिशोबाने पाहत होते, याची मला मनापासून लाज वाटली.

*

मी हवामानाच्या नोंदी आणि अंदाजाच्या कामातून निवृत्त झालो असून सध्या नागपूरला असतो. वरील ताईंचा अनुभव अपवादात्मक नाही. काश्मीरमधला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणाऱ्या या प्रणाली कमकुवत असल्या किंवा उत्तरेकडून निघून गेल्या, तर थंडी कितीही असली तरी बर्फ पडत नाही, कारण थंडी आणि ओलावा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. झंझावात येणार की नाही हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. तो नेमका कोणत्या उतारावर किती सेंटिमीटर बर्फ टाकील, हे मात्र तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

अंदाज वाचताना माझ्या मते बर्फाच्या आकड्याआधी तापमान किती उंचीवर शून्य अंशाला येते हे पाहावे. उंचीप्रमाणे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. गुलमर्गचे मैदान आणि गोंडोलाचा (केबलकारचा) दुसरा टप्पा संपतो ते सुमारे ३,९५० मीटर उंचीचे ठिकाण यांत त्यामुळे आठ-एक अंशांचा फरक पडू शकतो. एकाच दिवशी खाली तंगमर्गला पाऊस, मैदानावर ओला जड बर्फ आणि वरच्या अफरवाट पर्वतावर कोरडा भुसभुशीत बर्फ, असे होते ते यामुळेच. एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ होतो; थंडी जास्त असेल तर अधिक, बर्फ ओलसर असेल तर बराच कमी. मोबाइलवरचा आकडा कोणत्या उंचीसाठी आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

*

नाशिकहून लिहितो आहे. दरवर्षी जातो. बर्फ भरपूर पडल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस हा मला सर्वांत मोहाचा आणि सर्वांत धोक्याचा वाटतो, म्हणून त्याविषयीच लिहितो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठी हिमवृष्टी झाली तेव्हा मी तेथे होतो. आदल्या रात्री वारा इतका होता की खिडकीच्या चौकटीतून बर्फाची पूड आत येऊन सतरंजीवर बारीक पांढरी रेघ उमटली होती. सकाळी आकाश निळे होते आणि गटातले सर्व जण आखलेल्या, तपासलेल्या उतारांच्या बाहेर जायला उतावीळ झाले होते. आमच्या स्थानिक मार्गदर्शकांनी फावड्याने बर्फात उभा छेद घेतला आणि आम्हाला हात घालून पाहायला सांगितले. वरचा थर घट्ट होता, पण खाली हाताला जाड साखरेसारखे सुटे दाणे लागले; मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होईना. पातळ बर्फावरून कोरडे, कडक थंडीचे दिवस गेले की तळाशी असे दाणे तयार होतात आणि त्यांच्यावर नंतर पडलेला जड थर माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. आम्ही मागे फिरलो. त्याच मोसमात, २२ फेब्रुवारीला, अफरवाट परिसरात झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की गस्तीपथकाने उतार बंद ठेवला असेल तर त्याविषयी वाद घालायचा नाही. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारे संदेशयंत्र), शोधकाठी आणि फावडे जवळ असणे आवश्यक आहे, पण ती साधने अपघातानंतरची आहेत, हे विसरता कामा नये.

*

उत्तराखंडमधल्या औलीचा अनुभव थोडक्यात सांगते. तेथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी कृत्रिम बर्फाची यंत्रे आणली गेली, त्यामुळे तेथे बर्फाची हमी असेल असा माझा समज होता. परंतु अशा यंत्रांनाही शून्याखालचे तापमान आणि भरपूर पाणी लागते. ऊबदार जानेवारीत मला औलीला फक्त नंदादेवीचे दर्शन घडले, ज्याचे मोल मी कमी मानत नाही.

*

आमचा मुलगा स्पर्धात्मक स्कीइंग करतो, म्हणून पालक या नात्याने लिहितो. २०२५ मध्ये गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ ते २५ फेब्रुवारीला ठरली होती. पुरेसा बर्फ नसल्याने ती पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घेण्यात आली. ज्या मुलांनी वर्षभर सह्याद्रीच्या घाटवाटांवर चढून आणि डांबरी रस्त्यावर रोलर-स्की (चाके लावलेल्या स्की) करून तयारी केली, त्यांना ऐन परीक्षेच्या दिवसांत सगळे नव्याने जुळवावे लागते, याची कल्पना बर्फाळ प्रदेशाबाहेरच्या फार थोड्या लोकांना असेल.

मार्चचा बर्फही वेगळा असतो. पहाटे तो काचेसारखा कडक असतो, स्कीच्या कडा धरत नाहीत. उन्हे आली की तासाभरात वरचा थर मऊ होऊन वळणे सुंदर बसतात, आणि दुपारनंतर तो इतका पाणचट होतो की स्की जागच्या जागी ओढल्यासारख्या थांबतात. स्कीच्या तळाला कोणते मेण लावायचे हे त्यामुळे सकाळच्या तापमानावर ठरते आणि आम्ही तीन निरनिराळी मेणे सोबत नेतो. यंदा सरावासाठी आठवड्याऐवजी सोळा दिवसांचा मुक्काम ठेवला आहे आणि परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढले आहे. खर्च वाढला, पण त्यासाठी घरातला दुसरा प्रवास आम्ही रद्द केला.