जुने धक्के आणि मासेमारीच्या होड्या जलरंगात: होडी पाण्यात बसत नाहीये

ओला कागद:
मंडळी, सध्या जुने धक्के आणि मासेमारीच्या होड्या एवढंच रंगवतोय. होडी नुसती बघितली तर छान वाटते, उडालेला रंग, गंज, जाळ्यांचा ढीग सगळं येतं, पण पूर्ण चित्र लांबून बघितलं की ती पाण्यात तरंगतेय असं वाटतच नाही, वरून चिकटवल्यासारखी दिसते. दुसरी अडचण धक्क्याच्या लाकडी खांबांची, तपकिरी रंग दिला की ते नवेकोरे दिसतात. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड) कॉटन, कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खडबडीत आहे. पाणी आधी रंगवायचं की होडी आधी?

आडवा आठ:
आधी कोण नंतर कोण हे सोडा, होडी आणि तिचं प्रतिबिंब एकाच दमात रंगवून बघा. होडीच्या सावलीकडच्या बाजूचा रंग ओला असतानाच तो तसाच खाली पाण्यात ओढायचा, मध्ये पेन्सिलची रेघ असली तरी तिथे थांबायचं नाही. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि मग होडीभोवती सगळीकडे सारखीच कडक कडा तयार होते, चिकटवल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच. सगळं सुकल्यावर होडी जिथे पाण्याला टेकते तिथे थोडीशीच गडद रेघ द्यायची, तीही तुटक.

प्रतिबिंब म्हणजे होडी उलटी करून काढायची असंही नाही हं. पाण्यात आपल्याला ती खालून दिसते, म्हणून धक्क्याच्या प्रतिबिंबात वरच्या फळ्या येत नाहीत, फळ्यांची खालची काळोखी बाजू येते. गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकट ठेवा, पांढऱ्या होडीचं जरा गडद. खांब उजवीकडे कलला असेल तर प्रतिबिंबही उजवीकडेच कलतं, आणि आपल्याकडे झुकलेला असेल तर ते खांबापेक्षा लांब दिसतं. एवढं जमलं की पाण्यावर एकही लाट काढली नाही तरी चालतं!

आकार चुकतोय असं वाटलं तर आडवा इंग्रजी आठ काढून त्यावरून होडी काढा, जवळचा गोल मोठा, लांबचा छोटा. काठाची ती वळणदार रेघ लगेच सापडते.

कोरडा ब्रश:
खांबांबद्दल. जुनं लाकूड तपकिरी नसतंच, ऊनपावसाने राखाडी झालेलं असतं. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग घ्या, निळा वाढवला की थंड राखाडी, सिएना वाढवला की ऊबदार, आणि अल्ट्रामरीन दाणेदार बसतो त्यामुळे अर्धा खडबडीतपणा आपोआप मिळतो. तिसरा चौथा रंग घातला की चिखल झालाच म्हणून समजा.

आता एकच खांब नीट बघा, अगदी जवळून. वर कोरडा, फिकट राखाडी, उभ्या भेगा. मध्ये भरतीचं पाणी चढतं-उतरतं तो पट्टा, तिथे शेवाळामुळे हिरवट काळा. त्याखाली शिंपल्यांचा पांढुरका खरखरीत थर. हे तीन पट्टे ओल्यातच एकमेकांत सोडायचे, आणि सुकल्यावर ब्रश आडवा धरून कागदावरून हलकेच फिरवायचा, पाणी जवळजवळ नाहीच. भेगांसाठी जुनं प्लास्टिक कार्ड वापरा. रंग पूर्ण ओला असताना ओरखडलं तर रंग त्या चरीत जाऊन गडद रेघ पडते, चमक गेल्यावर ओरखडलं तर फिकट, दोन्ही लागतात.

मागे पडलेली भरती:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त होडी आणि प्रतिबिंब नेहमीच एका दमात असं मी म्हणणार नाही. पाणी हलत असेल तर आधी पाण्याचा फिकट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, देऊन सुकवा, मग प्रतिबिंब आडव्या तुटक फटकाऱ्यांनी द्या, होडीजवळ दाट आणि आपल्याकडे येताना विरळ. आडवा आठ यांची पद्धत संथ पाण्यासाठी उत्तम.

अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरची जलरंग चित्रं जरूर बघा, १८८० मधली अमेरिकेतल्या ग्लॉस्टर बंदराची आणि १८८१-८२ मधली इंग्लंडच्या कुलरकोट्स या मच्छिमार गावातली. तो बऱ्याचदा लावलेला रंग खरवडून किंवा ओल्या ब्रशने उचलून उजेड काढायचा. पाण्यावरच्या चमकेसाठी मला तेच आवडतं, मास्किंग फ्लुइडच्या (कागद पांढरा राखायला आधी लावून नंतर सोलून काढायचा द्रव) कडा फार कापल्यासारख्या येतात.

आणि जागेवर बसून रंगवत असाल तर पाणी कुठवर आहे ती रेघ सुरुवातीलाच ठरवून टाका. भरती-ओहोटीत साधारण ६ तासांचं अंतर असतं, तासाभरात होडी खाली गेलेली असते आणि समोर बघून बदलत बसलात तर चित्रात दोन वेगवेगळ्या वेळा येतात.

ओला कागद:
खूप आभार, ती कडक कडाच नडत होती हे आता चित्र समोर ठेवल्यावर दिसतंय. एकच विचारतो, दोर आणि डोलकाठ्यांच्या तारा शेवटी काढायच्या ना?

कोरडा ब्रश:
हो, अगदी शेवटी, रिगर ब्रशने (लांब केसांचा बारीक ब्रश), मनगट न टेकवता खांद्यातून हात फिरवून. आणि सगळे दोर काढू नका. आकाशासमोर येतो तिथे गडद, काळोख्या धक्क्यासमोर येतो तिथे थोडं गॉश (अपारदर्शक जलरंग) घेऊन फिकट, आणि मधला भाग सरळ सोडून द्या, डोळा आपोआप जोडून घेतो.