'ना नफा'वाल्या संस्थेने नफा कमावला, तर?

काना_मात्रा:
सामाजिक उद्योजकतेवरच्या एका संशोधनाचा गोषवारा मराठीत करून देतेय आणि एका वाक्यापाशी गाडं अडलंय. मूळ आशय असा: एका नॉनप्रॉफिट संस्थेने सेवेचं शुल्क घेऊन नफा मिळवला आणि तो नव्या प्रयोगात घातला. मी लिहिलं, 'ना नफा ना तोटा तत्त्वावर चालणाऱ्या या संस्थेने झालेला नफा नव्या प्रयोगासाठी वापरला.' तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, ना नफा, तर मग नफा आला कुठून? त्यांचं बरोबर आहे, पण मूळ वाक्यातही काही खोट नाही. 'स्वयंसेवी' म्हणावं, तर संस्थेत सगळे पगारी. 'सेवाभावी' म्हणावं, तर भाव तेवढा कळतो, संस्थेची घडण कळत नाही. तुम्ही काय वापरता?

हिशेबनीस:
'ना नफा ना तोटा' हे किंमत ठरवण्याचं तत्त्व आहे. खर्च येईल तेवढाच दर लावायचा. एखादी पक्की धंदेवाईक कंपनीसुद्धा एखादी वस्तू त्या तत्त्वावर विकू शकते. तो संस्थेचा प्रकार नव्हे.

नॉनप्रॉफिटची व्याख्या अमेरिकी कायदेतज्ज्ञ हेन्री हान्समन यांनी १९८० साली येल लॉ जर्नलमधल्या लेखात नेमकी केली आहे. बंदी कमावण्यावर नाही, वाटपावर आहे. संस्था ज्यांच्या ताब्यात, त्यांनी शिल्लक आपसात वाटून घ्यायची नाही, एवढंच. कारणही त्यांनी दिलंय: देणगी देणाऱ्याला आपल्या पैशाचं पुढे काय झालं हे तपासता येत नाही, म्हणून ही बंदीच त्याच्यासाठी भरवशाची खूण ठरते.

आणि अशा संस्थेच्या हिशेबात 'नफा' लिहीतच नाहीत. उत्पन्न खर्चापेक्षा जास्त झालं, तर तो वाढावा. 'संस्थेने वाढावा नव्या प्रयोगात घातला' असं करा, प्रश्न मिटला.

बोरूबहाद्दर:
वाढावा उत्तम. पण संस्थेला नाव काय देणार? नफा हा मुळातला अरबी शब्द, तो कशाला कवटाळायचा? आपला 'लाभ' आहे की. 'अलाभकारी संस्था' म्हणा.

उचापती:
अहो, अलाभकारी म्हणजे परवडत नाही ते! वाचणाऱ्याला वाटेल संस्था बुडीत निघाली. हिंदीवाले 'गैर-लाभकारी' म्हणतात, ते तर उचलूच नका. मराठीत गैर लागला की गैरव्यवहार, गैरफायदा हेच आठवतं.

तिरपीरेघ:
'नफेतर' कसा वाटतो? शिक्षकेतर, शासनेतर या चालीवर.

बोरूबहाद्दर:
नफा अरबी, इतर संस्कृत, आणि वर त्यांचा गुणसंधी! धन्य आहे.

तिरपीरेघ:
जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत. 'जिल्हाधिकारी' म्हणताना तुमची जीभ अडखळते का?

अर्धविराम:
संस्थेचं बघू सावकाश. मला मुळात 'सामाजिक उद्योजकता' हाच शब्द खटकतो. मराठीत 'उद्योग' दोन घरचा पाहुणा. एका घरी उद्योगधंदे, उद्योगपती, कारखान्याचा धूर. दुसऱ्या घरी 'नसते उद्योग', 'काय उद्योग करून ठेवलास!' आपण ज्याला उद्योजक म्हणतो तो इंग्रजीतला आंत्रप्रेन्योर ज्या फ्रेंच क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ नुसता 'हाती घेणे'. जुने अर्थशास्त्रज्ञ रिशार कांतियाँ यांचा ग्रंथ १७५५ मध्ये छापला गेला, त्यात हा माणूस ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो, म्हणजे त्याची ओळख जोखीम. पुढे अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर यांनी त्याला नव्या जुळण्या करणारा बनवलं. सामाजिक उद्योजकतेचे अभ्यासक ग्रेगरी डीज यांनी १९९८ च्या निबंधात अशा जुन्या धाग्यांना सामाजिक ध्येय जोडून सामाजिक आंत्रप्रेन्योर उभा केला. त्यांच्या व्याख्येत स्वतःची कमाई असलीच पाहिजे अशी अट नाही! हाताशी साधनं किती आहेत याची वाट न पाहता धाडसाने काम करणं ही अट आहे. 'उद्योजक' म्हटलं की मात्र वाचक लगेच गल्ला शोधू लागतो.

माझं मत 'उद्यमी'ला. 'उद्यमेन हि सिद्ध्यन्ति कार्याणि' सगळ्यांनी घोकलंय, त्यात धंद्याचा वासही नाही. नाहीतर 'उपक्रमशील', तोही चांगला मुरलेला शब्द आहे.

उचापती:
खरा शब्द 'उपद्व्यापी'. कोणी सांगितलं नसताना दुसऱ्याची अडचण स्वतःची म्हणून अंगावर घेतो तो. उपद्रव आणि व्याप यांची सरमिसळ होऊन तो बनला असावा, असा माझा कयास.

बोरूबहाद्दर:
कयासावर कोश चालत नाहीत.

उचापती:
'कयास'ही अरबीच, बरं का.

हिशेबनीस:
उद्यमी गोड आहे, पण तो माणूस झाला. गोषवाऱ्यात माणूस, त्याची कृती आणि संस्था अशा तीन वेगळ्या गोष्टी असणार, आणि संशोधकांचं भांडणही तिथेच आहे. अमेरिकी लिखाणाचा एक मोठा भाग माणसाभोवती फिरतो. बिल ड्रेटन यांनी १९८० साली 'अशोका' सुरू केली, ती अशा व्यक्ती हेरून त्यांना पाठबळ द्यायला. युरोपी परंपरा संस्थेचा साचा बघते. इटलीने १९९१ मध्ये सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा केला. ब्रिटनमध्ये २००५ पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी हा प्रकार आहे. तिला नफा मिळवता येतो, काहींना लाभांशही देता येतो, पण त्यावर मर्यादा असते आणि मालमत्ता समाजहिताच्या कामाला बांधलेली. अशा कंपनीला 'उद्यमी' म्हणणार का?

बांगलादेशात ग्रामीण बँक उभारणाऱ्या मुहम्मद युनूस यांचा 'सोशल बिझनेस' तर तिसरंच प्रकरण. गुंतवणूकदाराला मुद्दल परत मिळतं, वर काही नाही. त्यांच्या दुसऱ्या प्रकारात लाभांश चालतो, पण मालक गरीबच हवेत. त्यांची पहिल्या प्रकाराची घोषणाच मुळी 'ना तोटा, ना लाभांश' अशी आहे. म्हणजे आपल्या वाक्प्रचारातला 'ना तोटा' त्यांनी ठेवला आणि 'ना नफा' काढून टाकला. मूळ प्रश्नाचं उत्तर मला तरी यात दिसतं.

तिरपीरेघ:
'सामाजिक उद्योजकता' छापून छापून रुळलाय, आता उपटायचा कशाला? मला त्याहून 'हायब्रिड ऑर्गनायझेशन' छळतो. 'संकरित संस्था' लिहिलं की डोळ्यांपुढे गाय नाहीतर बियाणं येतं. 'संकर'ला गीतेपासून बदनामी चिकटलेली, ती वेगळीच. अर्थ साधा आहे: एकाच घरात बँकेची शिस्तही हवी आणि गरिबांची कणवही. बत्तिलाना आणि दोरादो या संशोधकांनी २०१० च्या लेखात बोलिव्हियातल्या दोन सूक्ष्मकर्ज संस्था, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्था, तपासल्या. एकीने बँकेतले लोक आणि समाजकार्यातले लोक एकत्र आणले, तर त्यांच्यात तट पडले. दुसरीने दोन्हीकडचा अनुभव नसलेली कोरी माणसं घेऊन आपल्या पद्धतीने घडवली, तिचं बरं चाललं. याला मी 'दुपेडी संस्था' लिहिलं होतं. संपादकांनी कापून 'संमिश्र' केलं. संमिश्र म्हणजे मला प्रतिक्रिया नाहीतर सरकार वाटतं.

अर्धविराम:
दुपेडी फारच छान! कापणाऱ्याला कान नाहीत.

काना_मात्रा:
सगळ्यांचे आभार. 'वाढावा' पाठवला होता, तर तपासणाऱ्यांचा निरोप आला की तरुण वाचकांना कळणार नाही. त्यातून शीर्षकात इनोव्हेशन आहे. शिक्षण खात्याच्या वळणाचा 'नवोपक्रम' घेऊ, की 'नवोन्मेष'?

बोरूबहाद्दर:
नवोन्मेष, यात विचारायचं काय? 'प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता.'

अर्धविराम:
ती प्रतिभेची व्याख्या आहे हो, कवीची. उन्मेष म्हणजे डोळा उघडणं. ते एकट्याचं एका क्षणाचं काम. संस्था जी सुधारणा करतात ती रखडत, चाचपडत, चार लोकांच्या गळी उतरवत होते. तिथे 'नवोपक्रम'च प्रामाणिक.

उचापती:
आणि विश्वस्तांच्या बैठकीत तिला 'नवी टूम' म्हणतात. इंग्रजीतही इनोव्हेशन ही शेकडो वर्षं शिवीच होती. धर्मात, राज्यकारभारात नवं काही घुसडणाऱ्याला उद्देशून वापरत. त्या हिशेबाने 'टूम' तंतोतंत.

काना_मात्रा:
मजकूर आजच द्यायचाय. 'नफा न वाटणारी संस्था' असं फोडून लिहिते.

बोरूबहाद्दर:
'वाटणारी'? कोणाला वाटणारी? मला तरी ती नफा वाटत नाही.

हिशेबनीस:
'नफावाटप न करणारी' करा. लांब होईल, पण फाटे फुटणार नाहीत.

तिरपीरेघ:
नफेतर!

अर्धविराम:
बरं, पण 'उद्यमी'चं स्त्रीलिंग काय करायचं? उद्यमिनी?