गायतोंडे आणि रोलर

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास रंगवायचे, म्हणजे ते प्रेरणेची वाट बघत बसायचे, असं त्यांच्यावरच्या एका चर्चेत कोणीतरी म्हटलंय. निम्मं पटतं. ते तासन् तास नुसते बसत हे खरंच, आणि झेन या बौद्ध ध्यानपंथाचा प्रभावही नाकारता येत नाही. पण त्या चर्चेत सगळं ध्यानाबद्दल चाललंय, हाताबद्दल कोणी बोलतच नाही! साठच्या दशकापासून त्यांनी ब्रश जवळपास बाजूला ठेवला. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) ते रंगाचे थर चढवत. वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले कपटे रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे तिथला रंग कागदाबरोबर निघून येतो किंवा कागदावरचा कॅनव्हासवर उतरतो. त्यांच्या चित्रांत आपल्याला 'गूढ लिपी' वाटणारे आकार बरेचसे असे आलेत.

मी हौशी माणूस, गॅलरीवाला ओरडेपर्यंत नाक लावून बघतो. लांबून शांत दिसणारा पिवळा जवळून खडबडीत, कडेला खालचा तपकिरी डोकावणारा. घरी ऑइलमध्ये, म्हणजे तैलरंगात, करून पाहिलं तर पहिल्याच कपट्याबरोबर खालचा थरही सोलून आला, कारण मला तो वाळेपर्यंत धीर नव्हता. तेव्हा त्या पाच-सहा आकड्यात बराचसा वेळ ऑइल वाळण्याचाही असणार, असा माझा अंदाज. आणि हो, 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला मान्य नव्हता, 'वस्तुनिरपेक्ष' म्हणा, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं.