काल्पनिक पात्रासाठी श्रद्धांजलीपर भाषण: लिहायला आणि करायला कसे शिकवावे?

भाषाशिक्षिका

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना भाषा शिकवते. एखादी कथा किंवा नाटक शिकवून झाल्यावर त्यातील एका पात्रासाठी विद्यार्थ्यांनी श्रद्धांजलीपर भाषण लिहावे आणि वर्गासमोर उभे राहून ते करावे, असा उपक्रम मला घ्यायचा आहे. ‘अमुक पात्राचे स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न दिला की गाइडमधले उत्तर वहीत उतरते. पात्राला निरोप द्यायचा म्हटले, तर मात्र त्याच्या आयुष्याकडे समग्रपणे पाहावे लागेल आणि त्यात आपल्या दृष्टीने काय मोलाचे होते ते निवडावे लागेल, अशी माझी अपेक्षा आहे.

काही विद्यार्थ्यांकडून कच्चे लेखन करून घेतले, तेव्हा त्याचे दोनच प्रकार हाती आले. एका प्रकारात संपूर्ण कथानक पहिल्यापासून पुन्हा सांगितलेले होते. दुसऱ्यात प्रेमळ, कष्टाळू, निःस्वार्थी अशी विशेषणे एकापुढे एक मांडलेली होती आणि पात्राचे नाव बदलले असते तरी भाषणात काही फरक पडला नसता. शिवाय प्रत्यक्ष बोलताना कोणी हसू लागतो, तर कोणी रडण्याचा अभिनय करतो. खलपात्र निवडण्याची मुभा द्यावी का, हेही ठरत नाही. सर्वांत मोठी काळजी अशी की वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झालेला असेल, तर या उपक्रमाने त्याला यातना होऊ नयेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

पोथीवाचक

ताई, कथानक सांगणे आणि विशेषणे मांडणे या दोन्हींचे मूळ मला एकच दिसते. विद्यार्थी कोण म्हणून बोलतो आहे, हे ठरलेले नाही. बोलणाऱ्याचे त्या पात्राशी काही नातेच नसेल, तर गोष्ट सांगणे किंवा गुण मोजणे याखेरीज त्याच्याजवळ काय उरते? म्हणून लेखनाआधी प्रत्येकाकडून तीन उत्तरे लिहून घ्यावीत: मी या कथेतील कोण आहे, माझ्यासमोर कोण बसले आहे, आणि गेलेल्या व्यक्तीविषयी मला ठाऊक असलेली, पण समोरच्यांना ठाऊक नसलेली गोष्ट कोणती. यातील तिसरे उत्तर मिळेपर्यंत लेखन सुरू करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी महाभारतातील स्त्रीपर्वाचा शेवट वर्गात अवश्य सांगावा. युद्ध संपले आहे, मृतांना जलदान चालले आहे, आणि त्या वेळी कुंती पांडवांना सांगते की कर्ण तिचा ज्येष्ठ पुत्र होता, म्हणून त्यालाही त्यांनी जल द्यावे. तिच्या बोलण्यात गुणवर्णन आहेच, पण ऐकणाऱ्यांना हादरवते ते तिने उघड केलेले नाते. ज्याला मारल्याचा विजय मानला, तो थोरला भाऊ होता हे कळल्यावर युधिष्ठिराचा शोक निराळाच होतो. बोलण्यापूर्वीचे श्रोते आणि बोलणे संपल्यावरचे श्रोते सारखे राहत नाहीत, ही या प्रसंगाची ताकद विद्यार्थ्यांना दाखवून द्यावी.

मग कर्णासाठीच निरनिराळ्या वक्त्यांची भाषणे लिहायला सांगावीत. कर्ण पडला त्या सायंकाळी दुर्योधन बोलायला उभा राहिला अशी कल्पना केली, तर कुंतीने नंतर उघड केलेले जन्मरहस्य त्याच्या भाषणात येऊच शकत नाही. तो मैत्रीविषयी बोलेल, अंगदेशाच्या अभिषेकाविषयी बोलेल. कर्णाला वाढवणारी राधा युद्धाविषयी कदाचित चकार शब्द काढणार नाही. आणि रथाचे चाक जमिनीत रुतलेले असताना ज्याने बाण सोडला, त्या अर्जुनाने काय बोलावे? हे भाषण सर्वांत अवघड आहे, म्हणून ज्यांची तयारी चांगली आहे त्यांना ते द्यावे. वक्त्याच्या ज्ञानाची मर्यादा पाळायची म्हटले की कथानक सांगण्याची सवय आपोआप सुटते, कारण संपूर्ण कथानक कोणत्याही एका पात्राला ठाऊक नसते.

लेखनसराव

पोथीवाचकांच्या सूचनेशी मी सहमत आहे. लेखनाच्या बाजूने थोडी भर घालतो.

मृत्युलेख आणि श्रद्धांजलीपर भाषण यांतील फरक आरंभीच स्पष्ट करावा. अगाथा ख्रिस्ती यांचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो याच्या निधनाचे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ६ ऑगस्ट १९७५ रोजी पहिल्या पानावर छापले होते. एका काल्पनिक माणसाला असा मान मिळाला, हे ऐकूनच मुलांचे कुतूहल जागे होते. पण ते वृत्त होते आणि ते लिहिणाऱ्याचे पॉयरोशी वैयक्तिक नाते असण्याची गरज नव्हती. त्याच्या शेजारी कॉनन डॉइल यांचा गुप्तहेर शेरलॉक होम्स धबधब्यात पडून मेला असे सांगणारी, डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली कथा ठेवून पाहा. तिथे लिहिणारा डॉ. वॉटसन हा होम्सचा सोबती आहे. धबधब्यापाशी परतल्यावर त्याला खडकाला टेकवलेली होम्सची काठी दिसते, चांदीच्या सिगारेटकेसखाली ठेवलेली चिठ्ठी सापडते, आणि हे सगळे सांगून झाल्यानंतरच तो शेवटच्या वाक्यात म्हणतो की आपल्या माहितीतला हा सर्वांत चांगला आणि सर्वांत शहाणा माणूस होता. हे कौतुक आपल्याला पटते, कारण तोवर आपण ती काठी आणि ती चिठ्ठी पाहिलेली असते. (कॉनन डॉइल यांनी १९०३ मध्ये होम्सला परत आणले, हे मुले सांगतीलच, त्याने या लेखनाचे मोल कमी होत नाही.)

यावरून एक सराव घेता येतो. पहिला खर्डा झाला की त्यातील प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारावी. ज्या विशेषणाला मूळ कृतीतील प्रसंगाचा, संवादाचा किंवा वस्तूचा आधार देता येतो, त्याच्या समोर समासात पृष्ठक्रमांक लिहावा. ज्याला देता येत नाही, ते खोडावे. आधार सापडलेल्या विशेषणांपैकीही बहुतेक पुढे काढून टाकता येतात, कारण प्रसंग नीट लिहिला की विशेषणाचे काम तोच करतो. संपूर्ण भाषणात एक प्रसंग विस्ताराने आणि फार तर दोन ओझरते, इतकी मर्यादा घालावी. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, त्यामुळे तीन मिनिटांच्या भाषणाला ३०० ते ३५० शब्द पुरेसे आहेत. पात्राचा किमान एक दोष भाषणात आलाच पाहिजे, अशी अटही मी घालेन. दोष टाळले की माणसाचा पुतळा होतो.

रंगमंचावरून

शेवटच्या अटीशी मी सहमत नाही. दोष सांगावा की नाही, हे वक्ता कोण आहे यावर ठरले पाहिजे. लहान मुलगी आईविषयी बोलत असेल, तर तिच्या तोंडी आईच्या उणिवा घालणे कृत्रिम होईल. उलट ज्या पात्राचे दोष सर्वश्रुत आहेत, त्याच्याविषयी मौन पाळले तर ऐकणाऱ्यांचा विश्वास जाईल. खलपात्र निवडण्याची मुभा म्हणूनच जरूर द्यावी, मात्र वक्ता त्याच्या जवळचा असावा. वाल्मीकी रामायणात रावण पडल्यानंतरचा मंदोदरीचा विलाप यासाठी वाचून दाखवण्याजोगा आहे. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, त्याच्या पराक्रमाचा तिला अभिमान आहे. आणि तरीही ती म्हणते की पूर्वी इंद्रिये जिंकून त्याने त्रिभुवन जिंकले, त्या वैराची जणू आठवण ठेवून इंद्रियांनीच आता त्याला जिंकले. दोषाचा उच्चार इतक्या जवळिकीने आणि कुठेही समर्थन न करता करता येतो, हे मुलांनी तिच्याकडून शिकावे.

आता सादरीकरणाविषयी. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधील तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एकाच मृताविषयी दोन भाषणे येतात. ब्रूटस गद्यात, तोलूनमापून युक्तिवाद करतो. अँटनी पद्यात बोलतो, आणि आपले हृदय सीझरसोबत शवपेटीत गेले आहे, ते परत येईपर्यंत थांबावे लागेल, असे म्हणून मध्येच थांबतो. पुढे तो सीझरचा झगा दाखवून त्यावरचा एकेक घाव कोणाचा ते सांगतो. अँटनीचा हेतू जमावाला चिथावण्याचा आहे, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. पण थांबण्याला कारण असावे लागते आणि दाखवलेली वस्तू भाषणाचा भार उचलते, या दोन गोष्टी त्याच्याकडून घेण्यासारख्या आहेत.

रडण्याच्या अभिनयावर उपाय म्हणजे अभिनय करायलाच सांगू नये. विद्यार्थ्याने पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करावे, मधला मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून हातात ठेवावा, कुठे श्वास घ्यायचा तिथे खूण करावी आणि आवाज नेहमीच्या बोलण्याइतकाच ठेवावा. भावना दाबून नीट बोलण्याचा प्रयत्न करणारा माणूस ऐकणाऱ्यांना अधिक भिडतो. हसण्याबद्दल सांगायचे तर, श्रोत्यांना काम नसले की हसू येते. म्हणून भाषणापूर्वी वक्त्याने ‘आपण सर्व येथे अमुक गावाचे रहिवासी म्हणून जमलो आहोत’ असे जाहीर करावे आणि भाषणानंतर दोघातिघांनी त्याच भूमिकेतून एकेक वाक्य बोलावे.

भाषाशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. वक्ता आधी ठरवण्याची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे आणि दोषाची अट वक्त्यावर सोडणार आहे. गुणदान कसे करावे आणि शोकात असलेल्या मुलाचे काय, हे दोन प्रश्न अद्याप उरले आहेत.

समुपदेशनातून

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते नियोजनातच बसवायला हवे. उपक्रम काही दिवस आधी जाहीर करावा आणि त्याच वेळी संपूर्ण वर्गासमोर समान गुणांचा दुसरा पर्याय ठेवावा: कथेतील जिवंत पात्राचा गौरव करणारे किंवा दूरच्या प्रवासाला निघालेल्या पात्राला निरोप देणारे भाषण. त्यासाठीही वक्ता, प्रसंग आणि मूळ कृतीतील आधार हेच लागतात, त्यामुळे शिकवण्यात काही कमी होत नाही. पर्याय सर्वांना असल्यामुळे कोणालाही कारण सांगावे लागत नाही. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला आपण होऊन वगळू नये. काही मुलांना याच निमित्ताने बोलायचे असते आणि काल्पनिक पात्राच्या आडून बोलणे त्यांना सोपे जाते. त्याच्याशी एकट्याने बोलून निवड त्याच्यावर सोपवावी आणि वर्गासमोर न बोलता केवळ लेखन देण्याची सवलतही द्यावी. हार घातलेली तसबीर, समई अशी सजावट वर्गात करू नये.

गुणदानात लेखन आणि सादरीकरण वेगळे ठेवावे. लेखनात वक्त्याची भूमिका शेवटपर्यंत टिकली का, आणि प्रत्येक विधानाला मूळ कृतीत आधार आहे का, हे पाहावे. सादरीकरणात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आले का, गती आणि विराम योग्य होते का, एवढेच मोजावे. भावना किती दाटून आली, याला गुण ठेवू नयेत आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे.