घरासाठी जनरेटर: जोडणी कशी करावी?

धायरीकर
नमस्कार. आमचे पुण्यात धायरीला रो-हाऊस असून आई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे. गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद असते तेव्हा इन्व्हर्टरवर कसेबसे निभते; पावसाळ्यात झाड पडून तारा तुटल्या की मात्र वीज केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून लहान पेट्रोल जनरेटर घेण्याचा विचार आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो एसीच्या सॉकेटला जोडला की सगळे घर चालेल, असे एका वायरमनने सुचवले. हे योग्य आहे का? आणि किती केव्हीए क्षमतेचा घ्यावा?

निवृत्त लाइनमन
कृपया असे अजिबात करू नका. मेन स्विच चुकून चालू राहिला, तर जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. एरवी ११,००० व्होल्टचा दाब घरगुती पातळीवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मग तोच दाब उलट चढवतो, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेला असतो. लाइन तपासून, ती जमिनीशी जोडूनच (अर्थ करूनच) हात लावावा असा दंडक आहे हे खरे, पण एखाद्याचा जीव आपल्या घरातल्या स्विचवर टांगून ठेवणे मला मान्य नाही. शिवाय सॉकेटमधून निसटलेल्या पिनच्या उघड्या पितळी दांड्यांत वीज असते, ते वेगळेच.

मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवा. सिंगल फेजला टू-पोल, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. एका बाजूला लाइन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडले जाणे शक्यच नसते. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळेल, बसवून मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्या. अर्थिंगही त्याच वेळी तपासून घ्या.

कोथरूडहून
पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. फ्रिज, दोन पंखे आणि दिवे धरले, तरी २ केव्हीए, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष वापरता येणारा भाग) १.६ किलोवॅट, पुरेसे आहे. पाण्याची एक एचपीची मोटर मात्र सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे ती त्यावर लावू नका; टाकी आधीच भरून ठेवावी. जनरेटर सुरू होईपर्यंत कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवरच राहू द्या, तोही साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा असावा. आणि काहीही झाले तरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हाताशी हवाच.

धायरीकर
आपले मनापासून आभार. चेंजओव्हर बसवूनच घेतो. जनरेटर दोन घरांमधल्या बोळात ठेवला तर चालेल का? तिथे वर पत्रा आहे.

निवृत्त लाइनमन
नाही. बोळात धूर कोंडतो आणि दोन्ही घरांच्या खिडक्यांतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो. आपल्या आईंचा कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, हे विशेष ध्यानात घ्या. जनरेटर मोकळ्या अंगणात, घरापासून आणि शेजाऱ्यांपासूनही किमान वीस फूट दूर ठेवा, धुराड्याचे तोंड खिडक्यांकडे नको. पावसासाठी वर छप्पर चालेल, पण चारही बाजू उघड्या हव्यात. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा, आणि त्याचा कॅन ऑक्सिजन सिलिंडरच्या आसपासही ठेवू नका.