सुधारित चूल स्वयंपाकघरात नको, अंगणात द्या

अंगणातला
दिवाळीला नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनीजवळ गावी गेलो होतो. घरात दोन सिलिंडर, ओट्यावर तीन बर्नरची शेगडी, आणि परसात पहाटे पाचला चूल पेटलेली. आईला म्हटलं, गॅस असताना हे काय? म्हणाली, "सहा माणसांचं आंघोळीचं पाणी गॅसवर तापवू का? सिलिंडर कितीक दिवस पुरंन मग?"

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं, की सुधारित चुलीवर, म्हणजे कमी सरपण आणि कमी धुराच्या चुलीवर, चाळीस वर्षं जी मेहनत झाली ती चुकीच्या भांड्यासाठी झाली. 1983 साली सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 मध्ये गुंडाळला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटून झाल्या होत्या. एक आमच्याही घरी होती, दोन तोंडांची, सिमेंटच्या धुराड्याची. दोन वर्षांत धुराडं काजळीने बुजलं आणि पुढे त्या चुलीत कोंबडी अंडी घालू लागली.

ती सगळी आखणी भाजी-भाताच्या पातेल्यासाठी होती. भाजी-भात आता गॅसवर गेलाय. चुलीवर उरलं ते आंघोळीचं पाणी, ढोरांची चुनी, मांडे आणि लग्नातली वांग्याची कढई. सुधारणा करायची तर तिथे करा. आपल्याकडे तांब्याचा बंब होताच की! मधे नळकांडं, त्यात विस्तव, सभोवती पाणी. उष्णतेला पळायला जागाच नाही. चूलवाल्या शास्त्रज्ञांनी आधी बंब उघडून बघावा.

नंदनवनची गॅसवाली
अंगणात ठेवली की धूर परका होतो का? फुंकणी घेऊन बसणारी बाई तीच आणि डोळेही तिचेच.

मी लहानपणी दहा वर्षं फुंकणी फुंकली आहे, त्यामुळे चुलीचे गोडवे मला सांगू नका. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुली वाटून चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक पुसला गेला. चुलींना तडे गेले, धुराडी साफ झाली नाहीत, बायका जुन्या चुलीकडे वळल्या. म्हणजे तुमच्या कोंबडीचीच गोष्ट.

आणि आपलं भारतीय मानक 13152 बघा, 2013 चं. हवा मारणारा पंखा नसलेली चूल 25 टक्के कार्यक्षम असली, म्हणजे लाकडातली पाव उष्णता भांड्यात गेली, की पास. पंखा असेल तर 35 टक्के, म्हणजे आमच्या शाळेसारखं काठावर पास. मुलीने 25 गुण आणले तर आपण पेढे वाटतो का? तेवढाच पैसा गॅसच्या अनुदानात घाला.

खटपट्या
ताई, 25 ला हसू नका, साधी तीन दगडांची चूल 10 ते 15 मध्ये असते. गणित घरच्या घरी होतं. 14.2 किलोच्या सिलिंडरइतका स्वयंपाक साध्या चुलीवर करायचा तर अंदाजे 200 किलो लाकूड लागेल. 25 टक्क्यांच्या चुलीवर तेच काम शंभरात होतं. ते शंभर किलो कुणाच्या तरी डोक्यावरून जंगलातून यायचे असतात, आणि पारशिवनीकडे जंगल म्हणजे पेंचचा व्याघ्रप्रकल्प. तिथे सरपणाला जाणाऱ्या बाईला धूर ही दुसरी भीती, पहिली वाघाची.

अंगणातला भाऊ, मी हिंगण्याला पत्र्याचं काम करतो. दोन बंब दुरुस्तीला आले होते, उघडून बघितलेत. तुमचं कौतुक अर्धंच खरं. चुलीत दोन कामं वेगवेगळी चालतात. लाकूड पुरतं जळणं हे एक, आणि निघालेली उष्णता भांड्यात शिरणं हे दुसरं. बंब दुसऱ्यात पैलवान आहे आणि पहिल्यात कच्चा. लाकडाचा पाऊण हिस्सा आधी वायू होतो आणि ज्वाळा म्हणून जे दिसतं ते त्या वायूचं जळणं. त्याला साधारण 600 अंशांच्या वर तापलेली जागा, हवा आणि थोडा वेळ लागतो. बंबात ज्वाळेला चहूबाजूंनी थंड पाण्याची भिंत भेटते. वायू अर्धवट जळतो, गार होतो आणि धूर होऊन वर जातो. नळकांड्यात बोट फिरवा, डांबर लागेल. पातेलं ज्वाळेला अगदी टेकवलं की लाकूड वाचतं पण धूर वाढतो, त्याचंही कारण हेच. लाकूड वाचवणारी चूल आणि धूर कमी करणारी चूल एकच असेल असं नाही, हे वाटप करणाऱ्यांना कधी उमगलंच नाही.

सरकारी चुलीचं दुखणं निराळं. जाड माती ऊब धरून ठेवते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती आधी स्वतः ऊब पिते. चहापुरती चूल पेटवली तर बरंचसं सरपण भिंत तापवण्यात जातं. भोवती हलकी, भुसभुशीत, आत हवा अडकलेली वस्तू पाहिजे. ती घरात फुकट असते: चाळलेली राख. अमेरिकेत लॅरी विनियार्स्कीने 1982 च्या सुमारास रॉकेट चूल मांडली ती याच तत्त्वावर. कोपरासारखं वळलेलं नळकांडं, भोवती हलकं भरण, तोंडात पत्र्याची फळी, फळीवर काड्या आणि खालून हवा. ज्वाळा नळकांड्यातच पुरती जळू द्यायची, मग वर भांडं, आणि भांड्याभोवती बोटभर फट सोडून पत्र्याचा घेर. बंब करायचाच तर खाली रॉकेट, वर पाणी.

उमरेडकर
बाप्पा, सारे लाकडावरच बोलून राहिले. आमच्या इकडं खाणीजवळच्या चाळीत कोळशाची शेगडी हाय ना! संध्याकाळी रस्त्यावर ओळीनं मांडतात, धूर गेला का उचलून घरात. लोकाइले वाटते धूर गेला म्हणजे धोका गेला. उलट हाय ते. लालबुंद कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघते, त्याले ना वास ना रंग. थंडीत दार लावून शेगडी खोलीत घेऊन झोपले का संपलं. याच्यावर डिझाइन-बिझाइन काही नाही. बाहेर ठेवा, एवढंच.

मांडेवाली
खटपट्या दादा, तुमची रॉकेट चूल आमच्याकडे एका संस्थेने दिली होती. आठवडाभरात पडवीत गेली.

माझी सासू ऑर्डरचे मांडे करते. चुलीवर उलटा माठ, आणि त्यावर हातभर ताणलेली पोळी. माठाला जाळ सगळीकडे सारखा लागला पाहिजे. तुमच्या चुलीचा जाळ नळीतून सरळ मधोमध येतो. मांडा मधे करपतो, कडेला कच्चा राहतो, आणि आमचा एक माठ तर तडकला. दुसरं म्हणजे तोंड वीतभर. तुराट्या जातात, पण बाभळीचा बुंधा घालायचा तर आधी फोडावा लागतो. तो कोण फोडेल, चूल वाटणारा साहेब? कागदावर लाकूड निम्मं लागतं, पण कुऱ्हाड चालवायची मेहनत कोणी मोजत नाही.

शंकासूर
धागालेखकाला एक साधा प्रश्न. नागपुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. गरम पाणी लागतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चार महिन्यांसाठी चुलीवर संशोधन? त्यापेक्षा सूर्यबंब लावा.

गॅसवाल्या ताईंनाही एक. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात गर्भवती बायकांना गॅस फुकट देऊन पाहिला. भारतातली जागा तमिळनाडूत होती. श्वासातले सूक्ष्म कण चूलवाल्या बायकांत घनमीटरला 70 मायक्रोग्रॅम, तर गॅसवाल्यांत 24 निघाले, पण 2022 मध्ये निकाल आला तेव्हा बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक निघाला नाही. मग गॅस तरी रामबाण कसा?

नंदनवनची गॅसवाली
रामबाण कोण म्हणालं? 24 हेसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या 5 या वार्षिक मर्यादेच्या जवळपास पाचपट आहेत. एका घरात गॅस आला तरी शेजारी चूल, कोपऱ्यावर कचऱ्याची होळी, वर कोराडी वीजकेंद्राची धुराडी. शिवाय वजन वाढलं नाही म्हणून बाईचे डोळे चुरचुरणं खोटं ठरत नाही. उज्ज्वलाची आठ कोटीवी जोडणी 2019 मध्ये आपल्याच महाराष्ट्रात दिली गेली. आता प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या पैशाचा आहे.

मात्र मांडेवाली म्हणते ते शंभर टक्के खरं. मला मांडे खायला आवडतात आणि ते गॅसवर होत नाहीत, एवढी कबुली देते.

पऱ्हाटी
लाकूड-लाकूड काय करून राहिले? आमच्याकडे सहा महिने पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जळते. वेचणी झाली की उपटायची आणि घरामागे गंजी रचायची. त्याच गंजीतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात शेतात परत. कृषी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात गंजी ठेवू नका, पण चूल पेटवायची कशावर ते सांगत नाहीत.

पऱ्हाटीच्या दाबून गोळ्या करता येतात, त्या पंख्याच्या चुलीत चांगल्या जळतात. मानकातही पंख्याच्या चुलीला भांड्यात गेलेल्या एका मेगाज्यूल उष्णतेमागे धुरातल्या 150 मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे, साध्या चुलीला 350 ची. पण गोळी विकत आणायची म्हटलं की फुकटचं जळतण पैशाचं झालं. पैसे देऊनच जाळायचं तर बाई सिलिंडर का नाही आणणार?

अंगणातला
तीन आठवड्यांनी परत आलोय. शंकासूर, सूर्यबंबाचं पटलं, पण आईचं घर कौलारू आहे आणि टाकी कुठे ठेवायची हाच वाद चालू आहे.

मधल्या काळात खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे तेलाच्या पंधरा किलोच्या पिपात नळकांडं बसवून भोवती चाळलेली राख भरली. हंड्याभोवती पत्र्याचा घेर केला. आईने आठ दिवस वापरली. सरपण निम्म्याच्या जवळ आलं, पहिली पाच मिनिटं सोडली तर धूरही दिसत नाही, हे तिनेच सांगितलं. तरी नवव्या दिवशी जुनी चूल पेटली. कारण विचारलं तर म्हणाली, "याच्यासमोर बसून सारख्या काड्या सरकवा लागते. त्या चुलीत ओंडका घातला का मी गाय दोहून येतो."

म्हणजे भांडं तर बरोबर धरलं होतं, पण चुलीसमोर बसायला कोणाला वेळ आहे हे पाहायचं राहिलं. त्यात पिप्याचा पत्राही नळकांड्याजवळ आताच लाल पडून पापुद्रे सुटायला लागलेत.

खटपट्या
पत्रा जाणारच, तो पातळ असतो. आत विटांच्या चिपांचं नळकांडं करू. ओंडक्यासाठी तोंड मोठं मात्र करू नका, सगळी थंड हवा आत जाईल. त्यापेक्षा काड्या उभ्या, वरून सरकतील असं तिरकं तोंड करून बघतो, म्हणजे जळतील तशा आपोआप खाली येतील. रविवारी पिपा घेऊन हिंगण्याला या. राख घरूनच चाळून आणा, मागच्या वेळी खडे निघाले होते.